दांडग्यांची टिचकी

साहेबराव दांडग्यांना 'किती वाजले?' असं विचारायची सोय नाही. ते कीबोर्डवरचे हात उचलतात, मान वळवतात आणि अगदी मनापासून विचारतात, "कुणाचे?"

नव्या माणसाला वाटतं, हा आपली चेष्टा करतोय. आमच्या नव्या मॅनेजरनाही पहिल्याच मीटिंगमध्ये तसं वाटलं. त्यांनी भुवया चढवून "म्हणजे काय?" असं विचारलं आणि तिथंच ते फसले. भिंतीवरचं घड्याळ काय दाखवतं, मोठं यंत्र काय समजतं आणि त्याच्या पोटातली यंत्रं काय समजून बसलेली असतात, हे दांडग्यांनी त्यांना इतकं सविस्तर सांगितलं की मीटिंग संपली. मॅनेजरांना किती वाजले ते शेवटपर्यंत कळलं नाही.

जालना रोडवर तिसऱ्या मजल्यावर आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. मी टेस्टिंगला आहे, म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेलं मोडून दाखवायचा मला पगार मिळतो. दांडगे कर्नलमध्ये काम करतात. कर्नल म्हणजे यंत्राचा कारभारी. त्या कारभाऱ्याचं घड्याळ सांभाळणं, एवढंच दांडग्यांचं काम. माणूस एकाच घड्याळाच्या मागे वर्षानुवर्षं कसा राहू शकतो, हे मला पुष्कळ दिवस कळत नव्हतं.

भानगड अशी आहे. एका मोठ्या यंत्रात आम्ही बरीच खोटी यंत्रं चालवतो. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. प्रत्येकाची समजूत अशी, की अख्खं यंत्र आपल्याच बापाचं. प्रत्यक्षात ती पाळीपाळीनं चालतात. एकाची पाळी आली की दुसरं झोपलेलं. आणि आपण झोपलो होतो, हे झोपलेल्याला कळतच नाही. त्याचं घड्याळ चालतं ते बाहेरून ठरावीक वेळानं बसणाऱ्या धक्क्यावर. पुस्तकात त्याला इंटरप्ट म्हणतात, दांडगे टिचकी म्हणतात. टिचकी बसली की घड्याळ पुढे सरकतं. झोपेत टिचक्या चुकल्या की मागे पडतं.

मी नव्यानं लागले तेव्हा हे माझ्या डोक्यावरून गेलं होतं. दांडग्यांनी मला एसटीत बसवलं.

"ताई, तुम्ही जालन्याहून गाडीत बसल्या. झोप लागली. कंडक्टर वरडतोय, करमाड, शेंद्रा, चिकलठाणा. तुमचं ध्यानच नाय. मुकुंदवाडीला डोळं उघडलं. तुमच्या हिशेबानं तुम्ही अजून जालन्यातच. आता कंडक्टरनं काय करावं?"

"राहिलेली गावं सांगावीत."

"एका दमात?"

"हो, त्यात काय!"

"मग तुम्ही करमाड आलं म्हणून धडपडत उठताल, पिशवी एकीकडं, चप्पल एकीकडं! हळूच सांगावं. गाडी कुठवर आली ते नीट कळू द्यावं." मग टेबलावर बोटानं टक्‌ करून त्यांनी विचारलं, "टिचकी पोचली का?"

हे त्यांचं पालुपद. भाजीवाल्याला सुट्टे पैसे नाहीत म्हणून सांगतानाही ते शेवटी विचारतात, टिचकी पोचली का. त्यांचे दोनच कायदे आहेत. झोपलेल्यावर राहिलेल्या टिचक्या एकदम टाकायच्या नाहीत आणि काही झालं तरी घड्याळ मागे न्यायचं नाही. हे सांगताना ते मिशीवरून हात फिरवतात. मिशी म्हणजे काय मिशी! दोन्ही टोकं गालांवर आलेली, रोज तेल लावलेली. कॉलेजात असताना ठेवली ती ठेवलीच, लग्नातही सासऱ्यांच्या नाकावर टिच्चून राखली.

ती एकदाच गेली. दिवाळीत त्यांच्या थोरल्या भावाचा करमाडजवळ मोटरसायकलवर अपघात झाला. जिवाला धोका नव्हता, पण शुद्धच येईना. महिनोन्‌महिने दांडगे दवाखाना आणि ऑफिस करत राहिले. त्यातच होळीच्या थोडं आधी गावाकडे आई गेली. थोरला दवाखान्यात, म्हणून अग्नी धाकट्यानं दिला. दांडगे कामावर आले तेव्हा डोकं आणि ओठ दोन्ही गुळगुळीत. मी त्यांना ओळखलं नाही. कुणी पाहुणा असावा म्हणून पाणी विचारलं आणि मग मला फार वाईट वाटलं.

पाडव्याच्या सुमाराला भाऊंनी डोळे उघडले. ऑफिसात पेढे आले, थोड्या दिवसांनी भाऊ मुकुंदवाडीला घरी आले. आणि दांडग्यांना रद्दीचं वेड लागलं.

हिशेब खात्याच्या कपाटावर जुन्या वर्तमानपत्रांची चळत होती. दांडगे तिच्यातून तारखेप्रमाणे पेपर काढायचे, सुतळीनं बांधायचे आणि संध्याकाळी बरोबर घेऊन जायचे. मी एकदा विचारलं, "दांडगे, जोडधंदा सुरू केलात का?"

"भाऊला वाचून दाखवतो. दिवाळीपासून. रोज दोन दिवसांचं. म्हणजे सावकाश आजपर्यंत येईल."

भाऊ आपले पाच महिन्यांपूर्वीच्या मॅचवर हिरिरीनं वाद घालायचे, आणि दांडगे घरातल्या सगळ्यांना दम देऊन ठेवायचे की निकाल कुणी फोडायचा नाही. सोन्याचा जुना भाव ऐकून भाऊ म्हणाले, आत्ताच घेऊन टाकू. मला हे सगळं ऐकून खूप हसू यायचं. पण डॉक्टरांनीही सांगितलं होतं, धक्का देऊ नका. म्हणून भाऊंना सांगितलं होतं, आईचे गुडघे दुखतात, ती गावीच आहे. आई गेली तो दिवस त्या पेपरांत पुढे येणार होता, आणि त्या दिवशी दांडगे स्वतःच्या तोंडानं सांगणार होते.

मग गठ्ठे बारीक व्हायला लागले. दोनाचा एक पेपर झाला. नंतर एकच पेपर दोन दिवस पुरायला लागला.

अशातच वाळूजच्या एका कारखान्यातून फोन आला. त्यांची हजेरी आमच्या एका खोट्या यंत्रावर चालायची. ते यंत्र काही वेळ झोपलं, उठल्यावर सगळ्या टिचक्या त्याच्यावर एकदम कोसळल्या, वर कुणी तरी चुकून त्या दुसऱ्यांदा मोजल्या. घड्याळ पुढे पळालं, भोंगा लवकर झाला आणि अर्धी पाळी खुशीत बजाजनगरला घरी पोचली. मॅनेजर म्हणाले, "काय विचार करताय? काटा मागे करा."

दांडगे यंत्रासमोर आडवे उभे राहिले. "साहेब, मागं केलं तर माणसं आत यायच्या आधी बाहेर गेली असं दिसंल. मी त्याला जरा हळू चालवतो. खरी वेळ मागून येती, तिला गाठू द्या." याला संध्याकाळ होणार होती. त्यांनी सुतळीनं बांधलेला पेपर माझ्या हातात दिला. "ताई, तुमच्या वाटेवर नाय, पण मुकुंदवाडीला जाता का? भाऊ वाट बघतो. एवढाच वाचा. फुडचं पानबी नको. फुडं आई हाय."

भाऊ खाटेवर उशीला टेकून बसले होते. अंगानं दांडग्यांच्या दुप्पट. वहिनींनी चहा दिला. मी सुतळी सोडायला लागले तर भाऊंनी हात वर केला.

"राहू द्या, ताई. आठ दिवसांपासून तो जाहिराती वाचतोय. काल तर वधू-वर वाचले."

मी हसले. भाऊ हसले नाहीत.

"तुम्ही आमच्या साहेबरावची मिशी पाहिली का? लग्नात काढली नाय त्यानं. मी डोळं उघडलं, तर तो वाकून बघतोय, आणि मिशी नखाएवढी. डोक्यावर खुंट. म्हटलं, आई गेली. सगळ्या घराला पढवून ठिवलं, पेपर लपवले, आन तोंड तसंच घेऊन आला येडा."

"तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत आहे? मग त्यांना सांगत का नाही?"

"त्याला माझ्याजवळ बसून सांगायचंय. इकडं मी असा पडलेला, तिकडं ती गेली. त्याला रडायला कोण होतं? त्याचंच तिथं थांबलंय, ताई. येऊ द्या हळूहळू. मला काय घाई नाय."

मी पेपर पुन्हा बांधला. सुतळीची गाठ मला नीट बसेना.

दुसऱ्या दिवशी दांडगे दारातच विचारते झाले, "कुठवर वाचलं?"

"वाचलंच नाही. भाऊ म्हणाले, साहेबरावलाच वाचू द्या. आणि जाहिराती पुरे म्हणाले."

संध्याकाळी दांडग्यांनी उठून चळतीतून एक पेपर काढला. पुढच्या तारखेचा. त्याला सुतळी बांधली नाही.

त्यानंतरच्या सकाळी ते उशिरा आले. डोळे सुजलेले होते. मी चहा पुढे केला आणि विचारलं, "सांगितलं?"

"व्हय."

"मग?"

"काय नाय. माझ्या डोक्यावर हात ठिवला. म्हणला, मिशी बरी वाढली आता." दांडग्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "लई रडलो, ताई. दोघंबी. म्हणला, उद्यापासून आजचा पेपर आण."

तेवढ्यात मॅनेजर केबिनमधून डोकावले आणि कुणालाच उद्देशून नाही असं ओरडले, "अरे, किती वाजले?"

सगळं ऑफिस दांडग्यांकडे बघायला लागलं. दांडग्यांनी भिंतीकडे पाहिलं.

"साडेदहा, साहेब," ते म्हणाले, आणि त्यांनी मिशीवरून हात फिरवला.