कुतुबचाचांची जीप आणि माझं वजन

आमच्या ईट गावात नवा पाहुणा आला की लोक त्याला गाव विचारतात, आडनाव विचारतात, कुणाकडं उतरलात ते विचारतात. कुतुबचाचा वजन सांगतात. तेही राम राम, सलाम व्हायच्या आत. समोरच्याला पायापासून डोक्यापर्यंत एकदा बघायचं, मान जरा तिरकी करायची आणि म्हणायचं, "अठ्ठ्याहत्तर. बराबर?" पाहुणा गोंधळून म्हणतो, "असंल की." खताच्या दुकानात काटा आहे. ज्यांना शंका आली त्यांनी तिथं उभं राहून पाहिलंय. अर्ध्या-एक किलोचा फरक निघतो आणि तो चाचा चपलांवर ढकलतात.

या नादाचं मूळ त्यांच्या जीपमध्ये आहे. चाचा जन्मभर एका सरकारी खात्यात जीप चालवत होते. ते रिटायर झाले त्याच वर्षी ती जीपही लिलावात निघाली आणि चाचांनी ती घेतली. आता रिटायर झालेला माणूस काय करतो? गुडघ्यांना तेल लावतो, पारावर बसून सरकारला शिव्या देतो. चाचांनी जीपच्या मागं वखर जोडला.

वखर झाला, मग पेरणी यंत्र झालं. मळणीच्या दिवसांत तर बघायला नको. जीपचं मागचं एक चाक जॅकवर उचलायचं, चाक काढून तिथं लोखंडी पुली बसवायची, पुलीवर पट्टा चढवायचा आणि पट्ट्याचं दुसरं टोक मळणी यंत्राला. दुसऱ्या चाकाखाली दगड. मग गिअर टाकला की इंजिनाची सगळी ताकद त्या एका पुलीत. "इंजन बदमाश हाय," चाचा सांगतात, "जिधर मेहनत कमी, तिकडंच पळतंय. मानसागतच."

पण जीप पडली हलकी, त्यातून मागच्या बाजूला जास्तच. आमच्या काळ्या रानात वखर खोल लागला की मागची चाकं जागेवर गरगर फिरायची. त्यावर चाचांनी उपाय काढला, वजनाला माणूस. मागच्या बाकांवर चार माणसं बसवायची, डावी-उजवीकडं तोलून. म्हणून सगळ्या गावाची वजनं पाठ. शाळेतले गुरुजी ब्याऐंशी, ते डाव्या अंगाला. हणमंता पहिलवान एक्याण्णव, तो उजव्या. शिवा टेलर भरतो कसाबसा अठ्ठेचाळीस, पण त्यालाही बोलावणं असतं. "चिल्लर लागतीच," चाचा म्हणतात. "बॅलन्स बराबर चिल्लरनंच हुतो." मागं हणमंताला डेंग्यू झाला, तेव्हा चाचा त्याच्या उशाशी बसून हळहळले, "नऊ किलो गेले रे गावाचे." आणि रोज सांजेला त्याच्या घरी दूध पोचवत राहिले. एकदा एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या मामाकडं असं टक लावून पाहिलं की मामा उठून दुसऱ्या पंगतीला गेले.

आता माझी ओळख. माझ्याकडं ट्रॅक्टर आहे. पन्नास हॉर्सपॉवरचा, लाल, वर छत, छताला झालर, दोन स्पीकर. चाचांचं दिवसभराचं काम मी चहा गार व्हायच्या आत उरकतो. माझं रान त्यांच्या बांधाला बांध लागून आहे. मी ट्रॅक्टरवर गाणी लावून वखरणी करतो, तेव्हा माझ्याकडं चिटपाखरू बघत नाही. पलीकडं ती जीप कण्हत, कुथत, नाकातून धूर काढत चाललेली असते आणि बांधावर दहा माणसं उभी. आत चार बसलेली. हसण्याचा आवाज माझ्या दोन्ही स्पीकरांच्या वर येतो.

खरं सांगायचं तर मी जळायचो. लपवण्यात अर्थ नाही, माझ्या बायकोनं ते गावभर सांगितलेलंच आहे.

जीपवर जळायला मी काही खुळा नाही. दुखणं वेगळंच होतं. माझं वजन एकशे चार किलो आहे. ईटमध्ये माझ्या तोडीचा माणूस नाही. मी एकटा बसलो तर शिवासारखे दोघं घरी जाऊ शकतात. आणि चाचांनी मला एकदाही बोलावलं नव्हतं. अठ्ठेचाळीस किलोच्या शिवाला निरोप जायचा आणि माझ्या दारावरून जीप तशीच पुढं जायची.

मी परोपरीनं सुचवून पाहिलं. जीप निघायच्या वेळेला वाटेवर उभा राहायचो. उगाच पोटावरून हात फिरवायचो. एकदा तर म्हणालो, "काय चाचा, आज मागं कोन कोन?"

"हायती की. गुरुजी, हणमंता, शिवा. सरपंचबी यतो म्हनलेत."

"आन जागा?"

"जागा काय, हाय." चाचांनी टोपी सारखी केली. "तुमी चला बाळासाब. ट्रॅक्टरवाले तुमी. तुमाला लई कामं."

मला कामं! मी तासभर वाटेवर उभा होतो.

मग मी दुसरी वाट धरली. हॉटेलात बसून सांगू लागलो की जीपनं रान दबतंय, मुळ्या खाली जायच्या न्हायत. त्यांच्या पेरणीच्या ओळी वाकड्या येतात, हे तर कुणालाही दिसत होतं. चाचा पेरताना मागं वळून गप्पा मारायचे, म्हणजे जिथं हसू आलं तिथं ओळ वळायची. पण ज्वारीला त्याचं काही वाटलं नाही. कुणी नाही बघून मी त्यांच्या रानात शिरलो आणि ताटाला खांदा लावून उंची बघितली. मग माझ्या रानात येऊन बघितली. चार बोटांचा फरक होता आणि तो माझ्या बाजूनं नव्हता.

यंदा सोयाबीन काढून रानात ढीग घातला आणि परतीच्या पावसानं तोंड दाखवलं. दुपारपासून आभाळ काळं. ढीग भिजला असता तर शेंगेतच मोड आले असते, वर्ष पाण्यात गेलं असतं. मी मळणी यंत्र जोडलं, ट्रॅक्टर चालू केला आणि क्लचनं मान टाकली. मेकॅनिक तालुक्याला, भूमला. तो म्हणाला, उद्या सकाळी येतो. मी छताची झालर धरून नुसता उभा राहिलो.

बायकोनं, सुमननं, मला काही न विचारता फोन लावला. "चाचा, आमचा ढीग उघडा पडलाया. ट्रॅक्टर बंद हाय. व्हय, हे हितंच हायती. तोंड पाडून उबं हायती."

वीस मिनिटांत जीप आली, मागं त्यांचं जुनं मळणी यंत्र बांधलेलं. आत गुरुजी, हणमंता, शिवा. त्या सगळ्यांचे स्वतःचे ढीग रानात झाकून ठेवलेले, तरी आले. हॉटेलातलं माझं बोलणं चाचांच्या कानावर गेलं नसेल असं होणार नाही. त्यांनी ते काढलंही नाही. जॅक लावला, चाक उतरवलं, पुली चढवली. पट्टा ताठ झाला की जीप यंत्राकडं ओढली जाते, म्हणून आत वजन लागतं. मी मनातल्या मनात म्हणालो, आज तरी. आणि जीपकडं निघालो.

"तुमी न्हाय बाळासाब," चाचा म्हणाले. "तुमी मशिनपाशी ऱ्हावा. माल तुमचा हाय."

अशा वेळेलासुद्धा मला वाईट वाटलं, काय सांगू. डोक्यावर आभाळ गडगडतंय, वर्षाचं पीक उघड्यावर, आणि मी बघतोय की गुरुजी किती ऐसपैस बसलेत.

दिवस मावळता मावळता शेवटची पेंढी आत गेली. पोती बांधून ताडपत्री टाकली तेव्हा पहिले थेंब आले आणि तेही चार शिंतोडे टाकून पुढं सरकले. बाकीचे तसेच आपापल्या ढिगांकडं पळाले, सुमन घराकडं गेली. रानात मी आणि चाचा. ते पट्टा गुंडाळत होते, मी चाक बसवत होतो. आभार मानायचे होते. पण माझ्या तोंडातून आभार असे सरळ येत नाहीत, सल्ला होऊनच येतात.

"चाचा, एक सांगू? वाळूची चार पोती टाका की जीपमदी. मानसं गोळा करायची कटकट न्हाय. मोजून-मापून वजन, येळ वाचंल."

चाचा हसले. "ठाव हाय. पैल्या दोन वर्सी पोतीच हुती. लई झ्याक काम केलं त्यांनी. हालायचं न्हाय, चा मागायचं न्हाय."

"मग?"

त्यांनी पट्टा जीपमध्ये ठेवला. "तवा तुमची चाची हुती. दुपारी भाकरी घिऊन यायची, बांधावर बसून माझ्या वाकड्या वळींला नावं ठिवायची. ती गेली. पोरं पुन्यात. सकाळी घरातनं निगायचं, दिसभर वखर हाकायचा, सांजेला घरी. एक दिस ध्यानात आलं, सकाळपास्नं म्या तोंडच उगडलं न्हाय. मंग त्या पोत्यांसंगं बोलाय लागलो. एकाला गुरुजी म्हनायचो, एकाला हणमंता. म्हनलं, कुतुबुद्दीन, ह्ये काय बराबर न्हाय. पोती उतरवली आन गुरुजीला फोन लावला."

मी चाकाचे नट आवळत राहिलो. आवळून झालेले नट पुन्हा आवळले. चाची गेल्याला चार वर्षं झाली होती. मयतीला मी गेलो होतो, माती दिली होती. त्यानंतर बांधाला बांध लागून असूनही त्यांच्या दारात पाऊल टाकलं नव्हतं. मला कामं होती.

"आन मला का न्हाय बोलावलं कधी?" मी विचारलं.

चाचांना खरोखर नवल वाटलं. "तुमाला? तुमच्याकडं ट्रॅक्टर हाय बाबा. मोट्यानं गाणी लावून तुमी खुशीत असता. मला वाटायचं, ह्येला कुनाची गरज न्हाय."

घरी येऊन मी सुमनला सगळं सांगितलं. तिला केवढा धक्का बसेल या बेतानं सांगितलं. ती ज्वारी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मग? गावाला ठावच हाय की. शिवाच्या वजनानं जीप दबती व्हय? चाचांला करमत न्हाय म्हनून जातेत सगळी. तुमाला आत्ता कळलं?"

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. हणमंताला, सरपंचांना, शिवासारख्या चिल्लरलासुद्धा. चार वर्षं ते सगळे उठून त्या जीपमध्ये जाऊन बसत होते आणि मी ट्रॅक्टरवर उंच बसून ओळी मोजत होतो. त्या रात्री मी पुन्हा जळलो, आणि या वेळी जीपमधल्या एकेका माणसावर नाव घेऊन जळलो.

आठ दिवसांनी चाचांची ज्वारीची पेरणी निघाली. मी सकाळीच चालत त्यांच्या रानात गेलो. जीप भरलेली. गुरुजी, हणमंता, शिवा, सरपंच. चाचा स्टिअरिंगवर.

"बाळासाब? ट्रॅक्टर कुटाय?"

"घरी."

"क्लच?"

"झाला नीट."

"मग?"

"आज काम न्हाय मला," म्हणालो. माझं बारा एकर रान पेरायचं पडलं होतं, ते त्यांच्या जीपमधून सरळ दिसत होतं.

मी मागचं फाळकं धरून वर चढलो. जीपची मागची बाजू खाली बसली आणि पुढची जरा उचलली गेली. चाचांनी गिअर टाकला. इंजिन घुमलं, चाकं हलली, भुसभुशीत रानात वीतभर रुतली आणि जीप बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद.

"वजन जास्ती झालं," चाचा म्हणाले. "दोघांला उतरावं लागतंय."

गुरुजींनी आभाळाकडं पाहिलं. हणमंतानं चप्पल नीट केली. सरपंचांना कुणाचा तरी फोन आला, वाजला नव्हता तरी. शिवानं माझ्या मांडीखाली अडकलेला शर्ट सोडवून घेतला आणि आणखी आत सरकून बसला. मी तर दांडी घट्ट धरली. पाच माणसं, पण कुणी उतरेना.

चाचांनी टोपी काढून तोंडावरून फिरवली आणि सीटखालून थर्मास काढला.

"नका उतरू मंग," ते म्हणाले. "आदी चा घिऊ."

पहिला कप त्यांनी गुरुजींना दिला. ते मला आवडलं नाही.