चार खुर्च्यांनी उठवलेली गरिबी

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी नसीमाचं कुटुंब गरिबीतून बाहेर पडलं. या कामाला चहा धरून बावीस मिनिटं लागली.

मालवणजवळच्या त्या वाडीत बहुआयामी वंचिततेची पाहणी होणार, असं ग्रामपंचायतीने आठवडाभर आधी कळवलं होतं. माणूस कमावतो किती, एवढ्यावरून गरिबी ठरवणं आता मागासलेपणाचं समजतात. तो खातो काय, शिकला किती, रांधतो कशावर, हेही सरकार प्रेमाने विचारतं. नसीमाला या पाहणीची गरज होती. तिची इफ्रा बारावीला चांगल्या गुणांनी पास झाली होती. रत्नागिरीला नर्सिंगच्या वसतिगृहात तिला फुकट जागा मिळत होती, फक्त वंचित कुटुंबाचा दाखला हवा होता आणि शुक्रवार ही शेवटची तारीख होती.

पण पाहणीला माणूस येणार, म्हणजे घरी पाहुणा येणार. आणि पाहुणा आला की ज्याच्याकडे जे नसेल ते शेजाऱ्याने पुरवायचं, ही त्या वाडीची जुनी खोड. सकाळी नसीमा शेजारच्या लक्ष्मीच्या दारात उभी राहिली. लक्ष्मी एकटी राहायची आणि दोन खोल्या पर्यटकांना द्यायची.

"घेऊन जा गो सगळां," लक्ष्मी म्हणाली. "तुझो पावणो तो माझो पावणो."

चार खुर्च्या, पंखा, मिक्सर, गॅसची शेगडी सिलिंडरसकट मागच्या दाराने नसीमाकडे आली. इफ्राने कपाळावर हात मारला.

"अम्मी, आज तरी आपण गरीब दिसाक व्हयां!"

"गरीब आसव म्हणान पावण्याक जमनीर बसवतलंय? माका लाज नाय?"

प्रगणक मंगेश टॅब सावरत आला, खुर्चीवर बसला आणि त्याने पंखा नोंदवला. नसीमा चरकली. साहेबाशी बोलायचं म्हणून तिने ठेवणीतलं मराठी काढलं. "साहेब, खोटं कशाला सांगू, हे सगळं लक्ष्मीचं आहे."

"मालकीचा रकाना नाही," मंगेश सौजन्याने म्हणाला. "पाहणीच्या वेळी वस्तू घरात असणं पुरेसं आहे. जेवणात काय असतं?"

"भात. आणि आमचे हे बोटीवर कामाला जातात, तिथे उरलेले बांगडे मिळतात ते."

"पोषण उत्तम. पाणी?"

"विहिरीचं. पण एप्रिलमध्ये तळ दिसतो."

"पाहणी आजची आहे. शौचालय?"

"आहे, पण पाणी नाही म्हणून आत जाळी भरून ठेवलीत."

"दार आहे ना?"

"आहे."

"मग झालं. शिक्षण?"

"मी दुसरी. हे शाळेत गेलेच नाहीत. इफ्रा मात्र बारावी!"

ते सांगताना तिचा ऊर भरून आला. मंगेशलाही बरं वाटलं. घरात एक जण सहा इयत्ता शिकला की सगळं घर शिकलेलं, असा नियम होता. त्याने बटण दाबलं, टॅब हिरवा झाला आणि नसीमाची गरिबी संपली.

तो पुढच्या दाराने बाहेर पडेपर्यंत मागच्या दाराने खुर्च्या पलीकडच्या घरातल्या सुगंधाकडे निघाल्या, कारण पाहुणा आता तिचा होता. अशा रीतीने संध्याकाळपर्यंत त्या चार खुर्च्या, एक पंखा, एक मिक्सर आणि एक शेगडी यांनी अकरा कुटुंबांचं दारिद्र्य हटवलं. पाचव्या घरात मंगेशने मिक्सर ओळखलाही होता. पण ओळखीचा रकाना नव्हता.

शेवटी तो लक्ष्मीकडे पोहोचला. तिथे बसायला काही नव्हतं, वर पंखा नव्हता, आणि चौथी शिकलेली एकटी बाई चुलीवर पेज रांधत होती, कारण गॅस वाडीच्या दुसऱ्या टोकाला होता. मंगेश गलबलला. अख्ख्या वाडीत वंचित असं एकच घर निघालं.

गुरुवारी नसीमा इफ्राला घेऊन मालवणच्या कार्यालयात गेली. दाखले देणाऱ्या सारिका मॅडमनी संगणक पाहून तिचं अभिनंदन केलं.

"पुन्हा मोजा की," नसीमा म्हणाली.

"पुढची फेरी पाच वर्षांनी."

"पोरीचा प्रवेश उद्या बंद होतोय हो!"

"हिची बारावी झाली आहे, त्यामुळे शिक्षणात तुमचं घर वंचित नाही," मॅडम समजावणीच्या सुरात म्हणाल्या. "हिला पुढे शिकवायचं होतं, तर आधी इतकं शिकवायला नको होतं."

हे ऐकून नसीमाला काय वाटलं ते लिहायला हवं. तिला स्वतःचाच राग आला. पंखा कशाला आणला, खरं कशाला बोलले, पोरीला शाळेत कशाला घातलं, असा तो एकेक पायरी चढत गेला. व्यवस्थेचा राग यायला माणसाकडे फावला वेळ लागतो.

घरी लक्ष्मी आपला ताजा दाखला घेऊन उभीच होती. "ह्यो इफ्राक दी. माका ह्या वयात गरिबी कित्याक व्हयी?"

पण दाखला हस्तांतरणीय नव्हता. शुक्रवार इतर शुक्रवारांसारखाच गेला. पुढच्या महिन्यात जिल्ह्यात गरिबी किती घटली त्याची टक्केवारी जाहीर झाली आणि वाडीच्या नाक्यावर अभिनंदनाचा फलक लागला.

इफ्रा आता लक्ष्मीकडे पर्यटकांना जेवण वाढते. तुम्ही गेल्या डिसेंबरात तिथेच उतरला होतात. सुरमई खाता खाता तिच्यासमोरच म्हणालात, "किती कमी गरजा असतात ना या लोकांच्या! खरे श्रीमंत हेच." निघताना फोनवर पाचपैकी चार तारे दिलेत. एक कापलात, कारण वाढणारी मुलगी हसत नाही.