शशीताईंचं ‘ठीक, पुढे’

मुलीचं लग्न ठरलं तेव्हा पेढे घेऊन मी शेजारच्या शशीताईंकडे गेलो. त्यांनी पेढा तोंडात टाकला, कोऱ्या चेहऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ठीक. पुढे."

पुढे काय सांगणार? मी घरी आलो.

यात तुसडेपणा नव्हता. शशीताईंची सगळी नोकरी ठाण्याच्या एका समुपदेशन केंद्रात मुलांच्या बुद्धिमापन चाचण्या घेण्यात गेली. चाचणी घेणाऱ्याने ‘शाब्बास’ म्हणायचं नाही, भुवईसुद्धा उचलायची नाही. पोराला सुगावा लागतो आणि उत्तर बदलतं. उत्तर चूक असो की बरोबर, "ठीक. पुढे." बाई निवृत्त झाल्या, चेहरा झाला नाही.

आमच्या गॅलऱ्या लागून. डोंबिवलीतली दुपार, समोर वाळत घातलेल्या साड्या संथ हलताहेत, माझा डोळा लागतोय, आणि पलीकडून आवाज येतो, "काय, उकडतंय का?"

"फार."

"कशाच्या तुलनेत?"

एकटा आकडा मुका असतो, त्याच्या शेजारी दुसरे आकडे बसवले तरच तो बोलतो, हे त्यांचं ठाम मत. मग मी अर्धवट झोपेत मागच्या सगळ्या दुपारी आठवू लागे, आणि त्या एकमेकींत विरघळून जात.

तोच प्रश्न काही दिवसांनी पुन्हा विचारायची त्यांना खोड होती. एकदा शिरा दिला, मी म्हणालो गोड कमी आहे. पुढच्या खेपेला म्हणालो, झकास. "प्रमाण तेच होतं," त्या म्हणाल्या. "म्हणजे शिरा स्थिर आहे. ढळताय तुम्ही." सोसायटीचं घड्याळ कायम दहा मिनिटं पुढे असतं अशी मी तक्रार केली, तर म्हणाल्या, "घड्याळ भरवशाचं आहे हो, रोज तेवढंच चुकतं. खरं नाही, इतकंच. भरवसा वेगळा, खरेपणा वेगळा."

त्यांचा खरा राग होता तो मुलांकडून प्रश्न आधीच घोटून घेणाऱ्या आईबापांवर. "मग मी मोजलं काय? मुलाची बुद्धी की आईची हौस?" असा निकाल त्या सरळ रद्द करत.

घरात त्या आणि त्यांचे थोरले भाऊ, अण्णा. हसरे, अलीकडे फार विसरणारे. एकदा दूध आणायला खाली उतरले आणि घर सापडेना म्हणून बागेतल्या बाकावर बसून राहिले. तेव्हा बंगळुरूहून त्यांच्या मुलाचा फोन आला. "आत्या, कल्याणच्या डॉक्टरांकडून बाबांच्या स्मरणशक्तीची चाचणी करून घे. वाईट निघाली तर मी त्यांना इकडे घेऊन येतो." मुलगा चांगलाच होता. पण अण्णा गेले, की त्या दोन खोल्यांत शशीताई एकट्या उरणार होत्या.

त्यानंतर दुपारी गॅलरीतून निराळेच आवाज येऊ लागले.

"अण्णा, तीन शब्द. लिंबू, किल्ली, छत्री. म्हण बघू."

"लिंबू... छत्री..."

"किल्ली राहिली रे."

झोपेच्या काठावर मला वाटे, भावाबहिणीचा काही जुना खेळ चाललाय.

कल्याणला जाताना त्यांनी मलाही सोबत नेलं. डॉक्टर तरुण, गोड बोलणारे. त्यांनी तीन शब्द सांगितले, मध्ये वार, महिना विचारला आणि म्हणाले, "आजोबा, मघाचे शब्द?"

"लिंबू, किल्ली, छत्री," अण्णा शाळकरी ऐटीत म्हणाले.

"अरे वा. सगळं उत्तम आहे की."

शशीताईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. "डॉक्टर, हा निकाल धरू नका. पेशंटला प्रश्न आधीच माहीत होते."

"कोणी सांगितले?"

"मी. ही चाचणी मला पाठ आहे. रोज घोटून घेतली त्याच्याकडून."

डॉक्टरांनी मग दुसरे शब्द दिले. अण्णांना त्यातला एकही आठवला नाही. ते नुसते हसत राहिले. शशीताईंनी तिथूनच भाच्याला फोन लावला. "ये. घेऊन जा त्याला."

परतताना रिक्षा पत्रीपुलावर रखडली. ऊन कललं होतं, खाली रूळ सोनेरी दिसत होते. मला त्यांचा राग आला होता. गप्प राहिल्या असत्या तर कोणाला कळणार होतं?

"अण्णा, आपण कुठून आलो?" त्यांनी विचारलं.

"नाशिकहून ना?"

"ठीक. पुढे."

रिक्षा पुढे सरकली. मग कोणी काही विचारलेलं नसताना अण्णांनी बहिणीचा हात धरला. "शशी, लिंबू, किल्ली, छत्री. बरोबर ना गं?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो कोरा चेहरा मी हललेला पाहिला. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलंही नाही.

"छान, अण्णा," त्या म्हणाल्या. "फार छान."

कशाच्या तुलनेत, ते मी विचारलं नाही.