पंचविसावी फेरी

आपटेकाकांच्या गाडीत पुढच्या सीटवर गुडघे हनुवटीला टेकवूनच बसावं लागतं. सीट मागे सरकते, पण सरकवायची बंदी. "लंबू, खटक्याला हात लावायचा नाही!" माझी उंची सहा फूट. दर शनिवारी आयर्लंडमधल्या आमच्या नावन गावाहून डब्लिनला तूरडाळ आणायला मी असा घडी होऊन जायचो आणि मनातल्या मनात काकांना शिव्या घालायचो.

काका माझे शेजारी. पन्नाशीचे, एकटे. नोकरी अमेरिकेच्या वेळेची, त्यामुळे सकाळ मोकळी. त्या वेळात ते कॅन्सरच्या पेशंटना रेडिएशनसाठी डब्लिनला न्यायचे, आणायचे. फुकट. "कसं चाललंय?" विचारलं की, "ग्रँड हो, एकदम ग्रँड!" कसलं डोंबलाचं ग्रँड! दोन वर्षांत पाच जणांना नेलं, पाचही अर्ध्यातच गेले.

सहावी नोरा. सत्तरीची, जेमतेम पावणेपाच फूट. तिचे पाय टेकावेत म्हणून सीट पार पुढे, तिसऱ्या खाचेवर. पाठीला धक्का बसू नये म्हणून गाडी ताशी तीस मैलांनी. मागून ट्रॅक्टरवालेसुद्धा हॉर्न द्यायचे आणि नोरा खिडकीतून त्यांना ऐटीत हात करायची. डॉक्टरांनी फार आशा दिली नव्हती, पण फेऱ्या पंचवीस ठरल्या होत्या आणि काका हट्टाला पेटले होते.

"एक तरी माणूस माझ्या गाडीतून फेऱ्या पुऱ्या करेल की नाही रे?" दर शनिवारी ते मला आकडा सांगायचे. "एकोणीस झाल्या, लंबू!"

पुढच्या शनिवारी आकडा आला नाही. माझं कुठलं लक्ष! गुडघा ठणकत होता, डोकं फिरलं आणि मी सरळ खटका ओढला. सीट खाडकन मागे गेली. "हुश्श!" म्हणत मी पाय पसरले.

काकांनी किल्ली फिरवलीच नाही. "गुरुवारी नेहमीसारखा तिच्या दारात गेलो," ते म्हणाले. "मुलगी बाहेर आली. म्हणाली, पहाटेच गेली. बावीस झाल्या होत्या रे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? एकटाच हॉस्पिटलच्या दारापर्यंत जाऊन आलो. कालही गेलो. चोवीस झाल्या."

मी सीट पुढे ओढली, खाचा मोजत. तिसरीवर खटका बसला. पुन्हा घडी होऊन बसलो. "चला काका. डाळ नंतर बघू."

ताशी तीस मैल. मागून एका ट्रॅक्टरने हॉर्न दिला. मी खिडकीतून हात केला.

हॉस्पिटलच्या दारात काका उतरले, वळसा घालून आले आणि माझ्या बाजूचं दार उघडून हात पुढे करून उभे राहिले. मी तो हात धरला. दोघेही रडत होतो. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न दिला, तरी काका हलेनात.