आयरिश बाईंची नेमणूक

परदेशात नोकरी मिळवायची तर शिक्षकाला आपला विषय यावा लागतो, असा एक गैरसमज फार पूर्वीपासून रूढ आहे. प्रत्यक्षात आपण कोणत्या विषयाचे दिसतो, एवढेच पाहिले जाते.

ग्रॉन्याबाई इंग्लिशच्या दिसत. शिकवत मात्र आयरिश. ही आयर्लंडची स्वतःची भाषा. (तिचा तिथे सर्वांना अभिमान आहे, त्यामुळे ती बोलण्याची वेळ फारशी येत नाही.) पटसंख्या रोडावून गावची शाळा बंद पडली, तेव्हा बाई शारजाला आल्या, तिथल्या रोल्ला भागात छायाताई नावाच्या मराठी बाईंच्या फ्लॅटमधली एक खोली त्यांनी भाड्याने घेतली आणि शाळांचे उंबरठे झिजवू लागल्या.

स्वागत सगळीकडे उत्तम झाले.

"आयरिश म्हणजे इंग्लिशच ना?" एका प्रिन्सिपॉलनी विचारले.

"नाही. वेगळी भाषा आहे. फार जुनी."

"हरकत नाही. आपण अपडेट करून घेऊ."

दुसऱ्या शाळेला इंग्लिशच हवे होते, पण उच्चार अस्सल ब्रिटिश. बाईंच्या पूर्वजांनी हा आग्रह काही शतके सोसला होता. त्या नम्रपणे उठल्या. तिसरी शाळा 'इन्शाल्ला' म्हणाली. (नकार देण्याची याहून मायाळू पद्धत जगात नाही.)

व्हिसा संपत आला. परत जावे, तर तिथे शाळाच नव्हती. एवढ्या दिवसांत बाईंनी एकच गोष्ट कमावली होती, ती म्हणजे मराठी. छायाताई स्वयंपाकघरातून लेकाला, शौर्यला, मराठीत हाका मारत. तो आतून "कमिंग, मॉम" म्हणे आणि येत नसे. अशा घरात आईची वाक्ये हवेत लोंबकळत राहतात. ती झेलायला बाई ओट्यापाशी उभ्या राहू लागल्या. कणीक, फोडणी, 'मेलं लक्षातच राहिलं नाही' इथवर मजल गेली.

बाईंनी सुटकेस भरायला घेतली, त्या दिवशी छायाताईंची मैत्रीण कमलिनी चहाला आली. तिची शिकवणीसंस्था होती. गणित तुडुंब, फ्रेंच तुडुंब. मराठी वर्गात मात्र फक्त शिक्षिका. मुग्धा नावाची ही मुलगी पुण्याची, मराठीची एम. ए.

"पालक म्हणतात, मराठी काय, घरी बोलतोच की," कमलिनी म्हणाली. "आणि हेसुद्धा इंग्लिशमध्ये म्हणतात! वर्ग खलास करतेय."

"अहो, असं एकदम खलास काय करता?" कप पुढे करत ग्रॉन्याबाई म्हणाल्या. "आधी चहा घ्या. निवतोय मेला."

हे ऐकून शौर्य चक्क खोलीबाहेर आला. "मॉम, व्हॉट लँग्वेज इज दॅट?"

कमलिनीने कप खाली ठेवला. "तुम्ही मराठी शिकवाल?"

"मी? माझा विषय आयरिश."

"पण अनुभव कसला आहे?"

बाई म्हणाल्या, "मुलांना त्यांचीच भाषा परकी म्हणून शिकवायचा. आयुष्यभर तेच केलं."

"मग अजून काय हवं?"

सुटकेस पुन्हा रिकामी झाली. बाई त्या रात्री खोलीत एकट्याच आयरिशमध्ये गाणे म्हणत होत्या, असे छायाताई सांगतात. (गाण्याचा अर्थ कोणाला कळला नाही, पण ते आनंदाचे होते.) आठवड्यात वर्ग भरला. पाहणीत नव्वद टक्के पालकांनी 'फॉरिनर असून किती छान!' असा अभिप्राय दिला. दहा टक्के पालकांनी बाई नेमके काय शिकवतात, असे विचारले. बाईंचे व्याकरण सावरायला मुग्धालाही ठेवून घेतले आहे, पालकांच्या नजरेस पडणार नाही अशा बेताने, मागच्या बाकावर. दोघींचे छान जमते.

परवा शौर्य स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "आई, भूक लागलीय गं." हेल किंचित आयरिश होता, पण 'गं' अगदी जिथल्या तिथे. छायाताईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आले. झारा हातात तसाच धरून त्या म्हणाल्या,

"हाऊ स्वीट! से इट अगेन, बेटा!"

हसू आले असल्यास वाचकांनी ही हकीकत घरातल्या मुलांना वाचून दाखवावी. तीही हसली तर उत्तमच. नाही हसली, तर शनिवारच्या बॅचमध्ये थोड्या जागा शिल्लक आहेत.