कानबाईचा रविवार आणि उंटाएवढी गाडी

लडाखला जायचे त्याने जावे. पण कानबाईच्या रविवारी जावे, हे कोणत्या शहाण्याच्या डोक्यात येते? हेमराजच्या आले. ताटात भाकरी पडायच्या आत त्याने जाहीर केले, की तो लांब पल्ल्याची मोटारसायकल घेणार, तिच्यावर बसून सुरतेहून थेट लडाखला जाणार, आणि त्याच्या इच्छापोरच्या कंपनीतला सहा जणांचा ग्रुप नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी निघणार.

भागीरथीबाईंच्या हातातली भाकर हातातच राहिली.

"नागपंचमीनंतरचा रविवार कोणाचा रे?"

"आई, तारीख ग्रुपनं ठरवली. वैभव आमचा लीडर आहे, त्यानं—"

"कानबाई मायनी तारीख आते तुना वैभव ठरवी का?"

खानदेशातून सुरतेच्या लिंबायतला येऊन भागीरथीबाईंना तेहतीस वर्षे झाली. एवढ्या वर्षांत पूर आला, संप आला, तापाच्या साथी आल्या, पण त्यांच्या घरी कानबाई देवी बसायची चुकली नाही. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचा, त्याचे पीठ करायचे, त्याचा देवीच्या प्रसादाचा रोट करायचा आणि तो घरच्यांनीच संपवायचा. शेजाऱ्याला देता येत नाही, गाईला घालता येत नाही, फ्रिजमध्ये टाकून विसरता येत नाही. मग एकुलत्या एका पोराच्या नावाचा गहू घ्यायचा आणि तो पोरगा बर्फात बसून पाकिटातले नूडल खाणार? हे आईने कोणत्या तोंडाने देवीला सांगायचे?

"पुढच्या वर्षी बसतो ना," हेमराज म्हणाला.

"पुढल्या वरीसले देवी तुले इचारीन, आते काय काम शे म्हणून!"

सून गायत्री खाली मान घालून वाढत होती. तिने मध्ये पडायचे काही कारण नव्हते आणि ती पडलीही नाही. मोबाइलवर नवऱ्याबरोबर त्याच गाडीचे व्हिडिओ ती महिनाभर बघत होती, हे घरात फक्त त्या दोघांना माहीत होते.

भांडून उपयोग नाही, हे भागीरथीबाईंनी ओळखले. पोरगा सत्तावीस वर्षांचा, कमावता. मग त्यांनी शांतपणे सांगितले, "घे गाडी. पण आम्ही दोघं बघायला येणार." हेमराज खूश झाला. त्याला काय ठाऊक, की आई शस्त्र घेऊन येणार आहे.

हे शस्त्र म्हणजे त्याचा बाप. धुडकू मास्तर शाळेतला नव्हे, यंत्रमागावरचा. भेस्तानच्या पॉवरलूमच्या शेडमध्ये त्याने बत्तीस वर्षे काढली होती आणि जन्मात एकही वस्तू त्याला पसंत पडली नव्हती. कपडा दिसला की त्याचा एक धागा ओढायचा, काडी लावून जाळायचा, धूर बघायचा, वास घ्यायचा आणि 'मिक्स माल' म्हणून नाक मुरडायचे. स्वतःच्या लग्नात सासऱ्याने दिलेल्या धोतराचाही त्याने मांडवात धागा जाळला होता. भागीरथीबाईंनी ते अजून माफ केलेले नाही, पण आज त्याच खोडीचा त्यांना आधार वाटत होता. असा माणूस शोरूममध्ये सोडला की गाडी घेणे होतच नाही.

कानबाईला अजून अडीच महिने होते. त्याच आठवड्याच्या रविवारी चौघे रिक्षाने शोरूमला पोचले. काच, एसी, आणि गळ्यात टाय बांधलेला सेल्समन. गाडी मधोमध चौथऱ्यावर उभी होती. भागीरथीबाईंनी ती खालून वर पाहिली.

"हाई गाडी शे का उंट शे?"

"मासी, ॲडव्हेंचर टूरर छे," टायवाला म्हणाला. "खाडा, पथ्थर, पाणी, बधामां चाले."

"खड्डे आमच्या गल्लीतपण शेत. त्याकरता उंट लागत नई."

शोरूमचे हेल्मेट आणि गुडघ्यांना लावायच्या वाट्या चढवून हेमराज चौथऱ्यावर चढला, मग गाडीवर चढला. पाच फूट तीन इंचांचा पोरगा. दोन्ही पाय खाली टेकेनात. एका बाजूने बोटे टेकली की दुसरा पाय हवेत. टायवाल्याने मागून गाडी धरून ठेवली आणि तोंडाने चालू राहिला. सीटची उंची कमी करता येते, खालून दगड लागू नये म्हणून लोखंडी पत्रा आहे, टाकी सतरा लिटरची, स्पोकची चाके घेतली तर खड्ड्यात वाकली तरी ठोकून सरळ होतात. हेमराज म्हणाला, "पण स्पोकला ट्यूब येते. पंक्चर झालं तर डोंगरात चाक खोलावं लागेल." टायवाला म्हणाला, "तो ॲलॉय लो." हेमराज म्हणाला, "ॲलॉय तडकलं तर?" अर्धा तास असेच. लग्नासाठी मुलगी बघताना या पोराने एवढे प्रश्न विचारले नव्हते. गायत्री तेव्हाही समोरच बसली होती.

भागीरथीबाईंनी नवऱ्याला कोपर मारले. "बोला ना काही."

धुडकू गाडीच्या मागच्या चाकापाशी उकिडवा बसला होता. साखळीवरून त्याने बोट फिरवले, ते नाकाला लावले. दात्यांची चकती पाहिली. इंजिनाला कान लावला, ते बंद असतानाही.

"साखळीले ताण बरोबर शे," तो हळूच म्हणाला. "आमच्या शेडमधली एकपण मशीन इतकी सफाईदार नव्हती."

भागीरथीबाईंना वाटले, आपल्याला ऐकायला आले ते खरे नाही. ज्याला सख्ख्या सासऱ्याचे धोतर आवडले नाही, त्याला लोखंड आवडले! हा कसला न्याय? त्यांनी त्याला दंडाला धरून उठवले आणि थेट दुसऱ्या भिंतीकडे नेले, जिथे जॅकेटे, हातमोजे, गुडघ्याच्या वाट्या आणि बाजूला लटकवायच्या पेट्या मांडल्या होत्या.

"कपडा बघा," त्या म्हणाल्या. "तो तर समजतो ना तुम्हाले?"

समजत होता. धुडकूने जॅकेट उलटे केले. टायवाला तिकडून गाडी धरूनच ओरडला, "काका, इम्पोर्टेड छे! नायलॉन, इटलीनुं कापड! अडशो नहीं, हाथ मत लगाना!"

इटली म्हटल्यावर तर धुडकूला राहवेनाच. त्याने आतल्या शिलाईतून धागा ओढला. एका धाग्याने समाधान झाले नाही म्हणून चार ओढले, वळून गुंडी केली आणि काडेपेटी काढली. धूर नीट दिसावा म्हणून हात वर धरला, पांढऱ्या छताकडे. त्या छताला नेमके तिथेच एक गोल डबडे चिकटवलेले होते. ते कशासाठी असते, हे भेस्तानच्या शेडमध्ये कुणी सांगितलेले नव्हते.

"काळा धूर," धुडकू म्हणाला. "नायलॉनचा पांढरा येतो. हाई पॉलिस्टर शे. इटली कसाची, हाई तर आपल्या सुरतनी शे!"

आणि डबडे बोंबलायला लागले.

वॉचमनने 'आग, आग' करत लाल नळकांडे उचलले. आग कुठे ते त्याला दिसेना, म्हणून त्याने सगळीकडेच फवारा मारला. झेंडूचा हार घालून एक गाडी दुसऱ्या गिऱ्हाइकाला द्यायला तयार उभी होती, ती पिठात घोळल्यासारखी पांढरी झाली. गिऱ्हाईकही झाले. टायवाल्याने हेमराजची गाडी सोडली आणि पळाला. पाय न टेकणारा हेमराज, डोक्यात हेल्मेट, गुडघ्यांना वाट्या, आणि दोनशे किलोची गाडी हळूहळू डाव्या अंगाला कलायला लागली.

"आई!"

शेवटी पोटचा पोरगा. भागीरथीबाई धावल्या, पदर खोचला आणि गाडीला खांदा लावला. दुसरा खांदा गायत्रीने लावला. सासूसुना आयुष्यात पहिल्यांदा एकाच बाजूने उभ्या राहिल्या, आणि तेवढ्यात मॅनेजर आला.

त्याने आधी विचारायला हवे होते, बाई, लागले का कुठे? नाही विचारले. त्याने पांढरी झालेली गाडी पाहिली, जॅकेट पाहिले, धुडकूच्या हातातली काडेपेटी पाहिली आणि म्हणाला, "काका, ये शोरूम है! धागे जलाने का शौक है तो अपने लूम पे जाके जलाओ. आप लोगों को अंदर छोड़ा किसने?"

आप लोग!

भागीरथीबाई गाडीला नावे ठेवायला आल्या होत्या. नवऱ्यानेही तिला नावे ठेवावीत, हीच त्यांची इच्छा होती. पण नवऱ्याला नावे ठेवायचा हक्क फक्त त्यांचा होता, तो त्यांनी कुणाला दिलेला नव्हता. त्यांनी गाडी दोन माणसांच्या हवाली केली आणि मॅनेजरसमोर उभ्या राहिल्या.

"आप लोग म्हणजे कोण रे भाऊ? हा तुझा शर्ट कुणी विणला? तो टाय? तो पडदा? बत्तीस वर्षं हा माणूस उभा राहिला म्हणून तू आज कपडे घालून उभा शे! आन खोटं कोण बोललं? सुरतचा माल इटलीच्या नावानं कोण विकतं? विणला आमच्या हातनं आणि विकला दुसऱ्याच्या बापाच्या नावानं!"

"मासी, शांती रखो—"

"शांती घरी ठेऊन आली मी!"

तोवर गिऱ्हाइके जमली होती. त्यातल्या दोघांनी महिन्यापूर्वी तेच जॅकेट घेतले होते. त्यांनी धुडकूकडे काडेपेटी मागितली. मॅनेजरचा चेहरा त्या झेंडूवाल्या गाडीसारखा झाला. तो हात जोडायला लागला. जॅकेटावरची इटलीची चिठ्ठी आजच्या आज काढतो म्हणाला, नुकसान सोडून देतो म्हणाला.

"माझ्यासमोर हात जोडू नको," भागीरथीबाईंनी सांगितले. "यांना आत ने, खुर्ची दे, चहा पाज आणि माफी माग. नीट माग. घाई करू नको."

धुडकू आत केबिनमध्ये गेला, बापाला सोबत म्हणून हेमराज आणि गायत्रीही गेले. बाहेर भागीरथीबाईंनी टायवाल्याला, वॉचमनला आणि ऐकतील तेवढ्या गिऱ्हाइकांना पाऊण तास सुनावले. काचेतून त्यांना दिसत होते, मॅनेजर मान हलवतोय, चहा येतोय, कागद पुढे सरकतोय. कागदावर माफी लिहून देतोय, असे त्यांना वाटले. बरे झाले, म्हणाल्या, लेखी असलेली बरी.

घरी येऊन त्यांनी पाय धुतले आणि चहा घेताना निकाल सांगून टाकला. "त्या शोरूमची पायरी आता आपण चढायची नाही. गाडीचा विषय संपला. कानबाईच्या रविवारी देवीपुढं दोघं बापलेक बसणार."

हेमराजने आणखी अर्धा कप चहा ओतून घेतला. भागीरथीबाईंना हे आवडले नाही. एवढ्या मोठ्या विजयावर निदान कुणी रुसायला तरी हवे.

"काय झालं?"

धुडकूने बशी खाली ठेवली. "हेमराजनी माय, गाडी बुक झायी."

"कुणी केली?"

"मी. मन्हा नावावर."

भागीरथीबाईंनी पोराकडे पाहिले. पोराने बायकोकडे पाहिले. गायत्रीने प्रथमच तोंड उघडले. "आई, बाबापण जाताय लडाखला. मागच्या सीटवर. तिथूनच वैभवभाऊंना फोन केला. ग्रुपमध्ये साखळी कसता येणारं कोणीच नाही, ते खूप खूश झाले."

"आन कानबाई?"

"तेच बाबांनी सांगितलं त्यांना. घरचा कर्ता कानबाई सोडून जाऊ शकत नाही. म्हणून सगळ्या ग्रुपनं तारीख पुढं ढकलली. सोमवारी विसर्जन करायचं, मंगळवारी निघायचं."

भागीरथीबाईंनी बोटांवर दिवस मोजले. कानबाई वाचली होती. दोघांच्या नावाचा रोट दोघे घरीच खाणार होते. जे मागितले ते सगळे पदरात पडले होते, आणि म्हणूनच रागाला धरायला कुठे जागा सापडेना. असा अन्याय त्यांच्यावर कधी झाला नव्हता.

"बत्तीस वर्षं," धुडकू खाली बघत म्हणाला, "मी दोन मशीनच्या मधल्या अडीच फुटात उभा राहिलो. सरळ रस्ता कसा असतो, मीपण बघतो एकदा."

भागीरथीबाईंनी पदराने नाक पुसले. मग त्यांना एकदम काहीतरी आठवले आणि डोळे पुन्हा तापले.

"मागच्या सीटवर? म्हणजे पोरगा पुढं आणि तुम्ही मागं गठ्ठ्यासारखे? गाडी कोणाच्या नावावर शे?"

"मन्हा."

"मग? घरातला कर्ता माणूस लिंबायतहून निघणार आणि मागं बसून? मन्ही सरलाबाई नणंद दारात उभी राहून बघीन, ती काय म्हणीन? पुढं बसायचं. गाडी तुम्हीच चालवायची."

"आई!" हेमराज उठूनच उभा राहिला. "बाबांनी जन्मात सायकलशिवाय काही चालवलं नाही!"

"अडीच महिने शेत. शिकतीन. लायसन निघस. बत्तीस वर्षं चोवीस मशीनी सांभाळल्या, एक गाडी नई सांभाळणार?"

धुडकूच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरले. त्याने दोन्ही मुठी पुढे केल्या आणि हवेतच हँडल वळवून पाहिले. जरा जोरात वळवले. चहाची बशी उडाली.

हेमराज ते बघत राहिला. मग आईच्या जवळ सरकला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "आई, मी लडाखला नाही गेलो तर चालेल का?"

"नई चालाव," भागीरथीबाई कडाडल्या. "मागं कोणीतरी धरून बसायला नको का?"