चकलीचं मार्केटिंग आणि चहाची बाटली

"मार्केटिंग माझ्यावर सोड!" असं नरेंद्र म्हणाला, तेव्हाच खरं तर मेधाने सोऱ्या धुऊन कपाटात ठेवून द्यायला हवा होता.

पण तिला दिवाळीच्या आत ओजिमा भागातल्या दिगंबररावांच्या भारतीय किराणा दुकानात आपली भाजणीची चकली ठेवायची होती, आणि एखादी गोष्ट इतकी हवीशी झाली की माणसाला नवऱ्याचे दोष दिसेनासे होतात. पुण्यातली बँकेची नोकरी सोडून ती नरेंद्रबरोबर जपानला आली. इथे कोनबिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानात, अर्धवेळ काम धरलं. तिथे दुसऱ्यांचा माल फळीवर लावता लावता तिला रोज वाटायचं, एकदा तरी आपला माल आपल्या नावाने कुठेतरी लागावा.

दिगंबरराव माणूस सरळ. एक चकली खाऊन, दुसरी हातात घेऊन म्हणाले, "वहिनी, चकली झकास! पण आपली मंडळी घरी करतात. जपानी गिऱ्हाईक येणार असेल तर बोला. त्यांच्या वीस-पंचवीस ऑर्डरी दाखवा, काउंटरजवळचा रॅक तुमचा."

नरेंद्र कावासाकी शहरातल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहायचा. जाता-येता ट्रेनमध्ये त्याने मार्केटिंगचे इतके फुकट व्हिडिओ पाहिले होते, की आता तो टूथपेस्टची ट्यूब पाहूनही 'पोझिशनिंग चुकलंय' म्हणायचा.

"जगात दोनच गोष्टी चालतात," तो म्हणाला. "व्हिडिओ आणि ईमेल! व्हिडिओने माणूस जवळ येतो, ईमेलने तो खिशात हात घालतो."

"आणि चकली?" मेधाने विचारलं.

"ती नंतर!"

ब्रँडचं नाव त्यानेच ठेवलं, 'गोल्डन स्पायरल'. ईमेलचे पत्तेही तयार होते. उन्हाळ्यात बिल्डिंगच्या जत्रेत मेधाने चकल्या ठेवल्या होत्या, तेव्हा शेजाऱ्यांनी 'पुन्हा केल्यात की कळवा' म्हणून लिहून दिलेले.

रविवारी शूटिंग झालं. तांदळाच्या पिशवीवर फोन टेकवला. मेधा चकल्या पाडत जपानीत बोलणार आणि नरेंद्र बाजूला उभा राहून विकतच्या थंड चहाच्या प्लास्टिक बाटलीतून घोट घेत दिग्दर्शन करणार, अशी कामाची वाटणी होती.

"नॅचरल बोल! हस! इतकी नको हसू!"

मेधाचं जपानी कोनबिनीच्या गल्ल्यावर घडलेलं. त्यामुळे सगळं सुरेख बोलून झाल्यावर शेवटी सवयीने तिने वाकून विचारलं, "पिशवी हवी आहे का?"

"राहू दे! ऑथेंटिक वाटतं!" म्हणत नरेंद्रने तोच व्हिडिओ ईमेलला जोडला आणि सबंध बिल्डिंगला पाठवून दिला.

सोमवारी सकाळी ट्रेनमध्ये त्याचा फोन थरथरायला लागला. उत्तरं! एकामागून एक! नरेंद्रचं ऑफिस इंग्रजीत चालायचं, त्यामुळे त्याचं जपानी स्टेशनांच्या नावांपुढे गेलं नव्हतं. त्याने पहिल्या मेलच्या वरच्या दोन ओळींचं फोनवर भाषांतर करून घेतलं. 'हवा गार होऊ लागली आहे, आपण उभयता कुशल असाल अशी आशा आहे. आपला सुंदर व्हिडिओ आम्ही लक्षपूर्वक पाहिला.'

दुसऱ्या मेलचीही तशीच सुरुवात. तिसऱ्याचीही! खाली बरंच काही होतं. पत्ते, किती पाकिटं वगैरे असणार. नरेंद्रने समाधानाने फोन खिशात ठेवला.

दोष त्याचा एकट्याचा नाही. तो वाढला पुण्यात. तिथे लोकांना जे खुपतं ते पहिल्या ओळीत सांगून टाकतात आणि तब्येतीची चौकशी जमलं तर शेवटी. इथे उलटी रीत आहे हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

स्टेशनवर उतरताच त्याने घरी फोन लावला. "मेधा, कढई चढव! बिल्डिंग पेटलीय!"

"आग लागली?"

"ऑर्डरींनी गं!"

मग मेधाने सुट्टी काढली आणि घाण्यामागून घाणे तळले. हात भाजला, कंबर मोडली, पण चेहऱ्यावर असा आनंद की नरेंद्रला स्वतःचाच अभिमान वाटला. पाकिटं भरली, कागदी लेबलं चिकटवली. दिवाणखान्यात बसायला जागा उरली नाही. दिगंबररावांनाही कळवून झालं.

"आता पत्ते दे," मेधा म्हणाली. नरेंद्रने ऐटीत फोन पुढे केला.

मेधाने पहिला मेल वाचला. अगदी खालपर्यंत वाचला. मग दुसरा. मग ती पाकिटांच्या मधोमध खाली बसली.

"काय झालं? फार मोठी ऑर्डर आहे का?"

मेधाने वाचून दाखवलं, "'व्हिडिओच्या शेवटी उजव्या कोपऱ्यातून एक हात येतो आणि झाकण व लेबल न काढता चहाची बाटली जळाऊ कचऱ्याच्या पिशवीत टाकतो. आपल्याला कदाचित नियम माहीत नसावा. तसदीबद्दल क्षमस्व.'"

"एखादा असतो असा खवट..."

"सगळे तेच म्हणताहेत, नरेंद्र! या आजोबांनी तर हाताभोवती लाल गोल काढून पाठवलाय. ऑर्डर एकसुद्धा नाही."

घरात माणसं दोनच, आणि मेधाचे दोन्ही हात सोऱ्यावर होते. नरेंद्रने आपला उजवा हात हळूच पाठीमागे नेला.

मेधा ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हलक्या आवाजात म्हणाली, "मी सगळ्यांना सांगत होते, आम्ही किती निगुतीने करतो ते. आणि मागे तू..." नरेंद्रला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी त्याने सूट घातला आणि फोनसमोर उभा राहिला.

"परत व्हिडिओ?" मेधाने कपाळावर हात मारला.

"माफीचा आहे."

तो इतका खाली वाकला की डोकं फ्रेमच्या बाहेर गेलं. मग त्याने बाटलीचं झाकण काढलं, लेबल सोललं, बाटली विसळली आणि चेपली. मागे चकल्यांच्या पाकिटांची भिंत दिसत होती, कारण ती हलवायला जागाच नव्हती. हाही व्हिडिओ ईमेलने सगळ्यांना गेला.

आणि तो चालला! शेजारच्या बिल्डिंगीत गेला, तिथून पलीकडच्या. लिफ्टमध्ये अनोळखी आजीबाई नरेंद्रला वाकून नमस्कार करू लागल्या. ऑर्डर मात्र एकही नाही.

शेवटी रहिवासी संघाच्या अध्यक्ष हिराता-सान, म्हणजे हिराताबाई, यांचा मेल आला. हा मेधाने शेवटाकडून वाचायला घेतला.

"ऑर्डर आहे! तीस पाकिटं!" ती किंचाळली. मग वर वर जात तिचा आवाज बारीक होत गेला. "कचरा वेगळा करण्याचं प्रात्यक्षिक आहे. व्हिडिओत मागे दिसलेल्या पाकिटांची कागदी लेबलं सोलून दाखवायला सोयीची वाटतात म्हणे. आतला पदार्थ काढून, पाकिटं धुऊन, वाळवून द्यावीत."

"म्हणजे रिकामी?" नरेंद्रने विचारलं.

मेधाने त्याच्याकडे पाहिलं, पाकिटांच्या भिंतीकडे पाहिलं, आणि तिला जे हसू फुटलं ते आवरेना. तिने कात्री घेतली. संध्याकाळी गॅलरीच्या दोरीवर बनियनशेजारी तीस पाकिटं वाळत होती आणि चकल्या स्टीलच्या डब्यांत जाऊन बसल्या होत्या.

"टाकणार तर नाही मी," ती म्हणाली आणि डबे उचलून प्रात्यक्षिकाला घेऊन गेली.

सभागृहात मंडळींनी शांतपणे कागद इकडे, प्लास्टिक तिकडे केलं. मग मेधाने ताटली फिरवली. प्रत्येकाने संकोचाने एकेक चकली घेतली. नुसता कुडुमकुडुम आवाज! ताटली परत आली ती रिकामी. हिराता-सान तोंडावर हात धरून म्हणाल्या, "ही विकत कुठे मिळते?"

मेधाभोवती गर्दी झाली. कोणाला दोन पाकिटं, कोणाला पाच. ती टिपून घेत होती, दिगंबररावांच्या दुकानाचा पत्ता सांगत होती आणि तिचे डोळे भरून येत होते. नरेंद्र फोन काढून पुढे सरसावला, "सगळ्यांचे ईमेल घेऊ या, एक फॉलो-अप..."

"फोन खिशात," मेधा म्हणाली.

मेधाने ऑर्डरींची यादी आणि ताजी पाकिटं दुकानात पोचवली, आणि दिवाळीच्या आठवड्यात दिगंबररावांचा फोन आला. "वहिनी, रॅक तुमचा! सकाळपासून जपानी मंडळींची रीघ आहे. पण 'गोल्डन स्पायरल' कोणी मागत नाही हो. वर पाटी लावायचीय, त्यावर काय लिहू?"

"ते काय म्हणून मागतात?"

दिगंबरराव जरा अडखळले. "राग मानू नका. 'त्या कचरेवाल्या साहेबांची चकली' म्हणतात."

नरेंद्र शेजारीच ऐकत उभा होता. तो घाईघाईने म्हणाला, "मेधा, सांग त्यांना, ब्रँडची इमेज..."

"तेच लिहा, दिगंबरराव," मेधा म्हणाली. "मोठ्या अक्षरात!"